लूकच्या पेटीतल्या चिठ्ठ्या

९ नोव्हेंबर १८८७

कील विद्यापीठातून पत्र आलं. कुणी डॉ. क्रोल. पपांनी न्याहारीच्या टेबलावरच फोडलं आणि हसले. "आजकालची पोरं मोजायला शिकलीत म्हणायची!" मग पावाला लोणी लावलं, तसाच ताटलीत ठेवला आणि उठून गेले.

मी वाचलं. क्रोल यांनी गोथिक बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानातली क्रियापदं स्वतः मोजलीत. पपांच्या लेखातले आकडे जुळत नाहीत. तीन डिसेंबरला येऊन आमच्या चिठ्ठ्यांच्या पेट्या पाहू का, असं अदबीनं विचारलंय.

पत्र घडी करून ठेवलं, पुन्हा काढून वाचलं.

१० नोव्हेंबर

इथे तरी खरं लिहिते. दुसरीकडे कुठे लिहू?

पपांचं सगळं आयुष्य एका एवढ्याशा 'ग'पायी गेलं. गोथ, म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वीचे जर्मनवंशी लोक, तो क्रियापदाच्या आधी लावत. मुळात त्याचा अर्थ 'सोबत', 'एकत्र'. पुढे अर्थ झिजत गेला आणि काम पुरं झालं एवढी खूण उरली. नुसतं ऐकणं वेगळं, ऐकून पुरं होणं वेगळं. आज आपण जर्मनमध्ये तोच 'ग' दिवसभर बोलतो, आणि तो कुठून आला हे कुणाच्या मनातही येत नाही. पपांचं म्हणणं, गोथांच्या काळातच तो जवळजवळ पुरता झिजला होता. बाकीचे पंडित म्हणतात, छे, निदान पाचशे वर्षं नंतर. ईस्टरला पपांचं पुस्तक येतंय. तीस वर्षं लागली त्याला.

पुरावा म्हणजे आमच्या चिठ्ठ्या; जितके 'ग' जास्त, तितका पपांचा मुद्दा पक्का. बायबलातलं एकेक क्रियापद, एकेक चिठ्ठी. वर ग्रीक ओळ, खाली गोथिक, कोपऱ्यात अध्याय आणि ओळीचा आकडा. ठेवायला सिगारच्या रिकाम्या पेट्या. मी बारा वर्षांची होते तेव्हापासून लिहितेय. मुलींना विद्यापीठात बसू देत नाहीत, पण जेवणाच्या टेबलाला कोण अडवणार?

आई गेली त्या हिवाळ्यात लूक माझ्याकडे होता. एका हाताने तिला सूप भरवायचे, दुसऱ्याने चिठ्ठ्या. जमेना. शेवटच्या चारशे चिठ्ठ्या मी बायबल न उघडता जुन्या कोशातून उतरवल्या. एकही ओळ पानाशी ताडून पाहिली नाही. त्या कोशात चुका आहेत हे या गावातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक आहे.

पपांना सांगितलं नाही. दोन वर्षं होत आली.

११ नोव्हेंबर

सेंट मार्टिनचा दिवस. आमच्या स्वयंपाकिणीने, मिन्नाने, रिवाजाप्रमाणे हंस भाजला. आई गेल्यापासून स्वयंपाकघर तिचंच. माझी ताटली तशीच परत गेली तेव्हा म्हणाली, "पक्षी मेला तो मेला, वर तुम्ही त्याचा अपमान करता."

१४ नोव्हेंबर

पपा विद्यापीठात शिकवायला गेले की लूकची पेटी काढून गुपचूप ताडून घेईन असं ठरवलं होतं. पेटी फडताळात नाही. त्यांच्या खोलीत आहे, कपाटाला कुलूप. विचारलं तर म्हणाले, "राहू दे पोरी, क्रम बिघडतो." त्यांना संशय आलाय. नक्की आलाय.

१८ नोव्हेंबर

जिन्यावर पोस्टमनचा बूट वाजला तरी मी दारामागे जाऊन उभी राहते.

२३ नोव्हेंबर

चिठ्ठ्या चुकीच्या, म्हणजे आकडे चुकीचे, म्हणजे पुस्तक चुकीचं. जे पपांना टोपी काढून नमस्कार करतात तेच उद्या खानावळीत टेबल बडवून हसतील. मला भीती वाटते ती त्याची. मला काय करणार आहेत? माझं नाव कुणाला माहीतच नाही.

२६ नोव्हेंबर

सांगून टाकलं.

पपा खिडकीपाशी उभे होते. नदीवरचं धुकं बघत होते. मग येऊन डोक्यावर हात ठेवला. "लूकमध्ये? चारशे?" हो म्हटलं. "बरं झालं बोललीस, हेडविग." आवाज इतका मऊ की मला रडूच फुटलं.

मग म्हणाले, "क्रोलना तूच लिही. तुझ्या हातचं पत्र गेलं की विषय मिटला." त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: लूकच्या पेटीत जे काही चुकीचं निघेल ते माझ्या निष्काळजीपणामुळे, वडिलांना कल्पना नव्हती. सही केली.

२७ नोव्हेंबर

पत्र गेलं. पपा म्हणतात, प्रस्तावनेत याची नोंद करावी लागेल. म्हणजे त्या पुस्तकात माझं नाव येणार ते एवढ्यासाठीच! हसू आलं. पण भीती कमी झाली नाही, याचं नवल वाटतं. सांगितल्यावर ती जायला हवी होती.

३ डिसेंबर

क्रोल आले. वाटले होते तसे नाहीत. किरकोळ, सर्दी झालेले, बूट दारात तीनदा पुसणारे. मिन्ना कानात म्हणाली, "हा तुम्हाला खाणार? याला आधी कोणी जेवायला घाला."

पपांनी पेटी टेबलावर ठेवली आणि तासाला निघून गेले. क्रोल म्हणाले, "फ्रॉयलाइन, तुम्ही चिठ्ठी वाचा, मी पानावर बघतो." मी वाचायला घेतलं. पहिली बरोबर. दुसरी बरोबर. मी कोशातून उतरवलेल्या चारशेंपैकी संध्याकाळपर्यंत दोनशे साठ झाल्या. एका ओळीचा आकडा चुकला होता, बस्स. क्रोल माझ्याकडे बघत होते. "तुमचं पत्र मला नीट कळलं नाही," म्हणाले.

मलाही कळत नाही. उद्या उरलेल्या.

४ डिसेंबर

माझ्या उरलेल्याही बरोबर निघाल्या, पण पेटीतल्या बाकीच्यांत खोट्या चिठ्ठ्या सापडल्या. त्रेसष्ट. पानावर साधं क्रियापद, चिठ्ठीवर 'ग' लावलेलं. एकही माझी नाही. सगळ्या पपांच्या अक्षरात; जुन्या चिठ्ठ्यांची शाई तपकिरी झालीय, यांची अजून काळीभोर.

क्रोल यांनी खिशातून माझं पत्र काढून टेबलावर ठेवलं. "हे परत घ्या," म्हणाले. खाली दार वाजलं, पपांची काठी जिना चढू लागली. मी पत्र उचललं आणि क्रोल यांच्याच हातात परत दिलं. "यात लिहिलंय तेच खरं," म्हटलं.