बीजगणित सोडायचं नाही

६ सप्टेंबर १९७१, सोमवार. टेंभुर्णी.

आज गणिताच्या सरांनी माझी वही वर्गभर मिरवली. (यापुढे ग.स. लिहीन. नाव लिहून रोजनिशी बाटवायची नाही.) गृहपाठाचं गणित: ३ चा (क्ष+१)वा घात अधिक ३ चा क्षवा घात बरोबर ३६. क्ष काढा. मी दोन्ही घातांची बेरीज केली, ३ चा (२क्ष+१)वा घात लिहिला आणि तिथेच गाडी अडली. ग.स. म्हणाले, "पाया एकच दिसला की बाईसाहेब घात मिळवून मोकळ्या!" सगळा वर्ग हसला. चूक दुसऱ्या कुणाची असती तर मीही हसले असते.

तास संपल्यावर जवळ बोलावलं. मॅट्रिकचा फॉर्म शनिवारपर्यंत भरायचा आहे, तू बीजगणित सोड, सामान्य गणित घे. "तुम्हा लोकांना पास झालं की झालं ना?"

तुम्हा लोकांना. हे आधी लिहून ठेवते. गणित नंतर.

७ सप्टें., मंगळ.

बीजगणित नसेल तर औरंगाबादच्या पॉलिटेक्निकचं दार बंद. म्हणजे ओव्हरसियर होणं बंद. बा गवंडी, सध्या नव्या दवाखान्याच्या कामावर आहे. ओव्हरसियर जीपमधून उतरतो, छत्रीच्या टोकानं भिंत दाखवतो आणि बा मान डोलावतो. भिंत बरोबर असते तरी डोलावतो. मला ती छत्री पाहिजे. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मायला फॉर्मचं सांगितलं. "सर म्हन्तेत तर घे की सोपं. तुला काय कलेक्टर व्हायचंय?"

कलेक्टर नाही, म्हटलं. पुढचं गिळलं.

८ सप्टें.

पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण चार वेळा उतरवलं. "३ चा क्षवा घात = अ मानू." का मानू? ते कुठे लिहिलेलं नाही. मानू म्हणे! मी इतक्या सहज मानणारी नाही.

वहिनी भाकरी थापता थापता बघत होती. वहिनी जालन्याची, मॅट्रिकला बीजगणित घेऊन पास झालेली. लग्नाला चार वर्षं झाली, पण या घरात तिला कुणी एक आकडा विचारला नाही. मीही नाही. लाज वाटली. मग विचारलं.

"आधी सांग, घात मिळवले कशापायी?"

मी म्हटलं, पाया एकच आहे ना. एका पायावर दोन मजले, मग चढवायचे एकावर एक. बाचं काम लहानपणापासून बघते, तसंच वाटलं.

वहिनी इतकी हसली की भाकरी करपली. "अगं, मजले न्हाईत हे. मधी गुणिले असतं तर मजले. हितं मधी अधिक हाय. दोन खोल्या हायेत, शेजारी शेजारी."

करपलेल्या भाकरीपायी मायची बोलणी दोघींनी मिळून खाल्ली.

९ सप्टें., गुरु.

सकाळी वहिनीनं परातीतल्या पिठात बोटानं खोल्या काढल्या. लहान खोली म्हणजे ३ चा क्षवा घात. मोठी म्हणजे (क्ष+१)वा. घात एकानं वाढला की खोली तिप्पट. म्हणजे मोठीत लहान तीनदा मावते. तीन आणि एक, चार खोल्या. चारी मिळून ३६, तर एक ९. आणि ९ म्हणजे ३ चा दुसरा घात. क्ष बरोबर २!!

ओरडलेच. बा अंघोळ अर्धी टाकून आला. त्याला सांगितलं, आता दोन्हीकडे पाया ३ आला, म्हणून पाया सोडायचा आणि नुसते घात बघायचे.

"पाया सोडत्यात व्हय? कोन मास्तर शिकवून राह्यला असलं? घर खचंल की!"

वहिनी सासऱ्याशी थेट बोलत नाही. माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "सांग त्यान्ला, सोडायचा म्हंजी पाडायचा न्हाई. दोन्हीकडं बराबर हाय, मंग पुन्यांदा बघायचं काम न्हाई."

बा विचारात पडला. "असं व्हय. लेव्हल जुळली की आमी बी दोरी गुंडाळून ठिवतो."

आमच्या घरात असं बोलणं याआधी कधी झालं नव्हतं. शाळेत जाताना पाय जमिनीवर नव्हते.

१० सप्टें., शुक्र.

ग.स. वही बघून: "कुणाचं उतरवलंस?" कुणाचंच नाही म्हटल्यावर फळ्यावर बोलावलं. नवं गणित. २ चा (क्ष+२)वा घात उणे २ चा क्षवा घात बरोबर २४.

घात दोननं वाढला, म्हणजे चौपट. चारातून एक गेली, राहिल्या तीन खोल्या... "खोल्या" तोंडातून निघून गेलं. परत हशा. हसा. तीन मिळून २४, एक ८, क्ष बरोबर ३.

"उत्तर बरोबर, रीत चूक. पुस्तकात अ मानला आहे."

म्हटलं, सर, अ माना नाहीतर खोली माना, तीन मिळून २४च होतात.

"उद्धट."

पाचपैकी दोन मार्क. ठीक आहे. उद्धट तर उद्धट.

११ सप्टें., शनि.

फॉर्म मिळाला. गणिताच्या रकान्यात पेन्सिलीनं आधीच लिहून ठेवलेलं: सामान्य. माझ्या एकटीच्या नाही, आमच्या वस्तीतल्या आणखी दोघींच्याही फॉर्मवर. मी रबरानं खोडलं आणि शाईनं बीजगणित लिहिलं. दोनदा गिरवलं.

सहीसाठी बा काम बुडवून आला. हेडमास्तर म्हणाले, "नापास झाली तर शाळेचा निकाल बिघडतो."

"तिचा बी बिघडंल की सायेब. तिला न्हाई का फिकीर?" मग मला, "काय लिव्हलंय हितं?"

"बीजगणित."

"बराबर लिव्हलं?"

"बराबर."

बानं सही केली. सावकाश, पूर्ण नाव. हेडमास्तरांनी फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला. "बघू."

वहिनी म्हणाली, बघू म्हणजे नाही असं नाही. माय म्हणाली, "सैपाक मी करते आज. तुमी दोघी बसा तिकडं." मला रडू आलं. वहिनीलाही आलं, पण ती धुराचं नाव पुढं करून मोकळी झाली.

१४ सप्टें., मंगळ.

फॉर्मचा गठ्ठा काल एस.टी.नं औरंगाबादला गेला. माझा त्यात होता का? कारकून सांगत नाही. "सायबांना विचार." साहेब रजेवर.

गणिताच्या तासाला ग.स. आल्या आल्या म्हणाले, "सामान्य गणितवाले पलीकडच्या वर्गात जा." वस्तीतल्या दोघी उठून गेल्या. ग.स. माझ्याकडे बघत थांबले. मी पुस्तक उघडलं.

"ऐकू आलं नाही?"

"आलं, सर. ते सामान्यवाल्यांसाठी होतं."

आज कुणी हसलं नाही. ग.स.नी फळ्याकडे वळून प्रकरण आठवं असं लिहिलं. मीही लिहिलं.