चकलीच्या जेवणाची व्यवस्था

मी, श्रीमती सुहासिनी अनंत लिमये, वय वर्षे बहात्तर, दूरध्वनी खात्यातून निवृत्त, राहणार कोपर, डोंबिवली (पश्चिम), हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नसावे.

हल्ली सकाळी उठतानाच मी दमलेली असते. रक्त कमी, हृदयाची कुरकुर. तरीही दूध वेळेवर येते, चहा मनासारखा होतो आणि खाली जिन्यात कोणीतरी शेपटी हलवत वाट पाहत असते. मी सुखी आहे, ही नोंदही या कागदात असावी.

१. राहते घर माझी भाची मैथिली हिला, कोणत्याही अटीशिवाय. चकलीला नेशील का, असे तिला विचारून पाहिले होते. "अगं आत्या, घोडबंदर रोडला सोळाव्या मजल्यावर ती म्हातारी कशी राहील? लिफ्टलाच घाबरेल." खरे आहे. माझा राग नाही.

२. चकली म्हणजे आमच्या जिन्याखाली राहणारी कुत्री. शेपटी पाहिली की नावाचा खुलासा होतो. आता तिला दिसत नाही, वासावर चालते. जिन्याखालची जागा सोसायटीची, ती मला देता येत नाही. त्यावरचे जाड पायपुसणे मात्र माझे आहे. ते तिथेच राहील आणि कोणी धुवायला नेणार नाही. वकील प्राची पेंडसे यांनी बजावले, "काकू, कुत्र्याच्या नावाने काही ठेवता येत नाही हं. माणसाचं नाव लिहा." त्या एका नावासाठी हा कागद बरेच दिवस अडला होता.

३. तिसऱ्या मजल्यावरचे सलिल करंदीकर यांना माझी निळी बादली. बाल्कनीतून कुत्र्यांवर पाणी ओतून ओतून त्यांची एव्हाना फुटली असेल.

४. बँकेतील ठेवीच्या व्याजातून गल्लीतल्या कुत्र्यांचे जेवण व्हावे. उरेल ते रविवारी रेबीजची लस टोचत खडवलीपर्यंत फिरणाऱ्या आमच्या गटाला. पूर्वी मी कुत्री धरून बसत असे, आता मला फक्त लशींचा बर्फाचा डबा मांडीवर देतात. एवढे तरी देतात, मला वगळत नाहीत, याने माझे मन भरून येते.

५. आता ते नाव. माझ्यामागे चकलीला व इतर कुत्र्यांना तळमजल्यावरचे गुरुदत्त सामंत खाऊ घालतील.

हे वाचून सोसायटी हसेल. सामंतांच्या चपलांचा आवाज आला तरी कुत्री भुंकत सुटतात, त्यामुळे हा माणूस कुत्र्यांचा वैरी अशी सर्वांची समजूत आहे. खरी गोष्ट अशी की, आमच्या गटात जो खाऊ घालतो त्याने जाळे धरायचे नाही. नसबंदीसाठी ज्याने पकडले, त्याच्या हातचे कुत्रे खात नाही, मग औषधही घेत नाही. आमच्या गल्लीत जाळे धरायला कोणीच तयार नव्हते. तेव्हा सामंत म्हणाले, "वहिनी, तुम्ही लाडक्या राहा. वाईट मी होतो." आणि झाले. तेव्हापासून बिचारे मागच्या फाटकाने ये-जा करतात. मी खाली वाढत असते तेव्हा खिडकीच्या पडद्याआडून बघत असतात. मला दिसतात.

मी विचारले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "चकली माझ्या हातचं खायची नाही, वहिनी. तिच्या कानाला नसबंदीची खाच आहे ती माझ्यामुळेच ना? उपाशी मरेल ती."

म्हणून हे कलम आजपासून लागू. जाळे गटातल्या योगिनी भोईर हिने घ्यावे. सामंतांनी माझ्या जुन्या साडीचा तुकडा खांद्यावर टाकून रोज संध्याकाळी माझ्यासोबत यावे, म्हणजे चकलीला ओळखीचा वास येईल. मृत्युपत्र मृत्यूनंतरच अमलात येते, असे प्राचीने समजावले. कागदावर चालत नसेल, जिन्यात चालेल.

६. हँडलला लाल दोरा बांधलेला कुकर सामंतांना. मी जन्माची शाकाहारी, पण त्यात रोज कोंबडीच्या पायांचा भात शिजवते. सासूबाई असत्या तर आधी कुकर आणि मागून मी, दोघेही घराबाहेर गेलो असतो. सामंतांना नुसते मासे खाता येतात, रांधता काही येत नाही. त्यांना शिकवणे चालू आहे.

सही: सुहासिनी अनंत लिमये
साक्षीदार: डॉ. अमृता ओक व माया पाटकर, शेजारी
कोपर, डोंबिवली (पश्चिम), ९ जून २०२५

पुरवणी

काल सामंत साडीचा तुकडा घरीच विसरून आले. मलाही वाढेपर्यंत लक्षात आले नाही. चकलीने त्यांच्या हाताचा बराच वेळ वास घेतला, त्यांच्यावर एकदा भुंकली, आणि मग त्याच हातातला भात खाल्ला. सामंत पायरीवर बसून रडले. मीही रडले.

कलम पाच अमलात आले आहे. बाकीच्या कलमांना घाई नाही.

सही: सुहासिनी अनंत लिमये
साक्षीदार: वरीलप्रमाणे, दोघीही समक्ष
कोपर, २१ सप्टेंबर २०२५