एका बोटाएवढी जागा

मिरज,
७ फेब्रुवारी २०२६

चि. उत्कर्षा,

सप्रेम जयभीम.

अकॅडमीच्या सरांनी पोलीस भरतीची ग्राउंड चाचणी होईपर्यंत तुम्हा मुलींचे मोबाईल जमा करून घेतलेत, म्हणून हे पत्र आबांजवळ देतेय. ते डोळे दाखवायला मिरजेला आले होते, आज माझ्याच खोलीवर आहेत. उद्या सकाळच्या एसटीनं फलटणला तुझ्याकडे येतील. डोळे ठीक आहेत. आईही ठीक आहे. आज रमाई जयंती, विहारात खीर वाटायचं काम तिच्याकडं आहे, त्यामुळं ती कालपासून कुणाचं ऐकत नाही.

माझा पिलाटिसचा क्लास वाढतोय. संध्याकाळी फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये चटया टाकतो. गुडघे, खांदे, कोपर धरलेली माणसं येतात. श्वास सोडत पोट आत घ्यायचं आणि मग हळूच एकच पाय उचलायचा. घाई केली की फायदा जातो. खांदा आखडलेल्या दीपमालाकाकू परवा म्हणाल्या, "आवं म्याडम, जन्मभर कुणी झोपू दिलं न्हाई, आन् तुमी पैसं घेऊन झोपिवताय!" सगळे हसले. पण काकूंचा हात आता वेणी घालण्यापर्यंत जातो.

तूही अशीच हसली होतीस. "ताई, झोपून कुठं भरती हुती व्हय गं?"

डिसेंबरात तुझी डावी नडगी दुखायला लागली तेव्हा मी विचारलं होतं, नेमकं कुठं? तू गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत अख्खा तळहात फिरवलास. मला जरा बरं वाटलं. असं पसरलेलं दुखणं बहुतेक वेळा ताणाचं असतं. पळणं कमी कर, चटईवर रबरी पट्ट्याचे व्यायाम कर, म्हणाले. २६ जानेवारीला तू घरी आलीस तेव्हा परत विचारलं. आई भाकरी थापत होती, तू तिच्याशी बोलत होतीस, आणि खाली न बघताच तू नडगीच्या हाडावर बोट ठेवलंस. एकच बोट.

ते बोट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. हाडाला केसाएवढी चीर पडायला लागली की दुखणं असं एका जागी येऊन बसतं. तू म्हणालीस, सरांनी एक्स-रे काढलाय, क्लीन आहे. अशी चीर सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, उत्कर्षा. मी पळू नको म्हणाले. तू "व्हय" म्हणालीस.

मग मी व्हिडिओ मागितला. दुखऱ्या पायावर उभी राहा आणि टाच उचल, एवढंच. तू लगेच पाठवलास. चेहऱ्यावर एक आठी नाही. वर लिहिलंस, "बघ, झाला बरा." मी आनंदानं आईलाही दाखवला. काल पुन्हा बघितला. तुझ्या डाव्या पायात काळा दोरा असतो. "आपल्यात असलं चालत न्हाई," म्हणून आबा ओरडले, तरी अकॅडमीतल्या सगळ्या पोरी बांधतात म्हणून तू काढला नाहीस. व्हिडिओत तो दोरा वर उचलून धरलेल्या पायात आहे, उभी आहेस ती चांगल्या पायावर.

मी रागावले नाही. तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा थांबवून बघितला.

शेवटच्या फोनवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी दिलं नव्हतं. "ग्राउंडपुरतं एक इंजेक्शन मिळंल का गं? अकॅडमीतल्या सूरजनं पण घेतलं हुतं, लय पळला." रेंज गेल्याचं नाटक करून मी फोन ठेवला. आता सांगते. मी मिळवून देणार नाही आणि तू दुसरीकडूनही घेऊ नकोस. त्यानं दुखणं गप्प बसेल, चीर नाही. आठशे मीटरच्या शेवटच्या वळणावर तू सगळा जोर काढशील आणि पाय तुला सावध करणारच नाही. क्लासमध्ये चटया घालतानासुद्धा मला तो हाड मोडल्याचा आवाज ऐकू येतो.

पिलाटिसनं हाड जुळत नाही, ते विश्रांतीनं जुळतं. तेवढ्या काळात मांड्या, कंबर, पोट गळून जाऊ नयेत म्हणून हे व्यायाम. तू मात्र पहाटे डांबरी रस्त्यावर पळतेस आणि संध्याकाळी चटईवर त्याची भरपाई करतेस. अशी भरपाई होत नाही गं.

पुढची भरती कधी निघेल सांगता येत नाही, हे मलाही कळतं. घरातली पहिली पदवी थोरलीची, पहिली वर्दी धाकटीची, असं आबा गावभर सांगत सुटलेत. आज त्यांनी इथल्या बाजारातून तुझ्यासाठी पळायचे बूट घेतले. माझ्या हातात देऊन विचारलं, "कसं हायत?" मी म्हणाले, "हलके आहेत."

मंगळवारी इथं तुझ्या पायाच्या एमआरआयची वेळ घेतली आहे. चीर नसली तर पुढच्या आठवड्यात तू पळ, मी ग्राउंडबाहेर उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडेन. असली तर ही भरती जाईल. तू मला खूप बोलशील. बोल.

आबांना किंवा सरांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. सांगून तुला ओढून आणता येईल, पण मग तू कुठलंच दुखणं मला दाखवणार नाहीस, याची धास्ती वाटते. आबांना एवढंच म्हटलंय की तिचं पत्र वाचून होईपर्यंत गेटबाहेर थांबा. ते तिथंच असतील. बॅग भर आणि त्यांच्याकडं चालत जा. नीट चालून दाखवायला जाऊ नकोस. जसं चालता येतंय तसंच चाल. त्यांना बघू दे.

दाराकडं कान लावून बसलेली,
तुझी ताई
प्रियदर्शनी