पोचल्याची एक रिंग

तीर्थरूप बाबांना धाकटीचा वाकून नमस्कार,

मी मजेत आहे. खोलीत सकाळचं ऊन येतं आणि माझं वजन वाढलंय, हे आईला आवर्जून सांगा.

आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी शंभर सेन्सर बसवलेत. आतली थंडी मोजून बिनतारी कळवायची, एवढंच त्यांचं काम. मी हौसेने त्यांना दर मिनिटाला 'सगळं ठीक' म्हणायला लावलं. दोन वर्षं पुरायची बॅटरी तीन आठवड्यांत संपली! आमच्या मोठ्या इंजिनीअरबाई म्हणाल्या, "अगं, बोलण्यातच त्यांची सगळी शक्ती जाते. झोपू दे की जरा!"

तेव्हा तुम्ही आठवलात. मी हॉस्टेलला निघाले की म्हणायचात, "पोचलीस की एक रिंग दे आणि ठेव. मी उचलणार नाही."

तेच केलं. आता सेन्सर झोपतात, मधूनमधून डोळे किलकिले करून थंडी मोजतात, बिघडली तरच ओरडतात. बाकी जिवंत असल्याची दिवसाला एक खूण. ती चुकली की मी शिडी घेऊन धावते. बाईंनी चक्क पाठ थोपटली.

दादाने गच्चीची गळती काढली का? आईचे गुडघे?

आणि बाबा, तुमची दर रविवारची खुशालीची रिंग दोनदा आली नाही. आईला विचारलं तर म्हणते, "त्यांना काय धाड भरलीय!" मग रिंग का नाही? माझी शिडी तिथवर पोचत नाही हो.

पत्र मिळाल्यावर एक रिंग द्या. या वेळी मी उचलणार आहे.

तुमचीच,
धाकटी