फौजदारी शिकवायला माणूस पाहिजे

अमरावती,
९ जून २०२४

चि. स्वप्निल यास,
जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू ‘पाहतो ताई’ म्हणतोस आणि पाहत नाहीस, म्हणून हे पत्र. कागदाला उत्तर देणं वकिलाला भाग असतं.

आमच्या विधी महाविद्यालयात फौजदारी न्यायालये आणि न्यायप्रक्रिया शिकवायला प्राध्यापक नेमायचा आहे. सध्या हा विषय करकायद्याच्या बाई शिकवतात. कोर्टाची इमारत त्यांनी बसमधून पाहिली आहे. तुझ्याकडे पीएच.डी. आहे, अकोल्याच्या कोर्टातली इतकी वर्षं आहेत. अर्ज कर. मी निवड समितीत नाही, आणि तू माझा भाऊ हे मी संस्थेच्या अध्यक्षांना, उत्तमरावांना, आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, कोर्ट आतून पाहिलेलाच माणूस हवा.

आई म्हणते, त्याले म्हणा आता घरी ये, परक्या गावात एकटा किती दिवस राहतो.

तब्येत सांभाळ, आणि लोभ आहेच तो वाढू दे.
तुझी ताई,
दीपमाला

अकोला,
१७ जून २०२४

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

अर्ज भरायला बसलो आणि एका रकान्याशी अडलो. ‘आपल्याविरुद्ध फौजदारी खटला प्रलंबित आहे काय?’

आहे ना. वसतिगृहात पाणी नव्हतं म्हणून आम्ही पोरं अमरावतीच्या जिल्हा कचेरीवर मोर्चा घेऊन गेलो होतो, तो २०११ चा. कोणीतरी काच फोडली, पोलिसांनी हाताला लागले त्यांना धरलं. मी लॉच्या शेवटच्या वर्षाला होतो. सनद घेताना हा खटला खरा लिहिला, तिथं चाललं. तेव्हापासून मी अकोल्यात लोकांचे खटले चालवतो आणि माझ्या तारखेला बडनेऱ्याला गाडीतून उतरून अमरावतीच्या कोर्टात आरोपी होतो. हवालदार पुंजाजी हे एकमेव साक्षीदार. ते काही येत नाहीत आणि खटला काही हलत नाही.

पुढच्या महिन्यात नवे फौजदारी कायदे लागू होतील. मी शिकवणार नवा आणि माझा खटला चालणार जुन्यानं. उत्तमरावांना याहून अनुभवी माणूस कुठं मिळेल?

आईस साष्टांग. आपली माया अशीच असू द्यावी.
तुझा,
स्वप्निल

अमरावती,
२५ जून २०२४

चि. स्वप्निल यास,
आशीर्वाद. वि. वि.

उत्तमरावांना भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हळहळले, आणि तो रकाना कोरा सोडावा असं सुचवलं. वर हेही म्हणाले की पुढं विद्यापीठानं विचारलं तर संस्थेला काही ठाऊक नव्हतं.

मी पुराव्याचा कायदा शिकवते, आणि हा निरोप मीच तुला लिहून पाठवते आहे. हसू नकोस. आई थकली आहे रे. तू इथं यावास म्हणून मी एवढा रकाना कोरा पाहायला तयार आहे.

विचार कर, रागावू नकोस, जीव असाच लागू दे.
तुझी ताई,
दीपमाला

अकोला,
६ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

रकान्यात ‘होय, प्रलंबित’ असं लिहिलं होतं. तुझ्यावर राग नाही.

मुलाखतीच्या दिवशी तू मुद्दाम रजा टाकलीस, म्हणून हकीकत कळवतो. समितीतल्या निवृत्त न्यायाधीशांनी विचारलं की साध्या खटल्याला साधारण किती काळ लागावा. मी म्हणालो, “पुस्तकाप्रमाणे सांगू, की माझ्याप्रमाणे?” सगळे मनापासून हसले. चहा आला. न्यायाधीशांनी तर स्वतःच्या हातानं बिस्किटांची बशी माझ्याकडं सरकवली. इतकं चांगलं जमलं की मला भीती वाटून राहिली आहे.

आईची औषधं वेळेवर दे. कृपा राहू द्यावी.
तुझा,
स्वप्निल

अमरावती,
२ सप्टेंबर २०२४

चि. स्वप्निल यास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझी भीती खरी ठरली. गुणांत तू पहिला होतास. पण समितीचं मत पडलं की ज्याचा खटला चालू आहे त्यानं खटला शिकवणं बरं दिसत नाही. दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे त्याच खोलीतल्या फळ्यावर आदल्या तासाला लिहिलेलं होतं. शिपायानं बैठकीआधी पुसलं. नेमणूक प्रा. अंकुर यांची झाली. मुलगा सालस आहे, अभ्यासू आहे, आणि कोर्टात कधी गेलेला नाही.

आईला मी अजून सांगितलेलं नाही. तू तो खटला आता मार्गी लाव, नोकरीसाठी नाही, तुझ्यासाठी.

ताईवर लोभ कमी करू नकोस.
दीपमाला

अकोला,
१९ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

परवा तू अचलपूरला परीक्षेच्या कामावर होतीस, म्हणून आधी बातमी: सुटलो.

समन्स पुंजाजींच्या जुन्या ठाण्यावर जाऊन परत येत होतं. शेवटी मीच त्यांचा पत्ता काढला. ते नांदगाव खंडेश्वरला शेती करतात. आपल्याविरुद्धचा साक्षीदार शोधून देणारा आरोपी पाहून सरकारी वकिलांनी दोनदा चष्मा पुसला. डिसेंबरात पुंजाजी आले. पिंजऱ्याकडं बराच वेळ पाहून म्हणाले, “तवा पोरं होती साहेब. ह्या मोठ्या मानसांतून कोन होतं, मी कसं सांगू?” झालं. परवा निकाल होता.

नेमके त्याच दिवशी प्रा. अंकुर तुमच्या मुलांना कोर्ट दाखवायला घेऊन आले. मधल्या सुट्टीत बिचारे कारकुनाचं टेबल हेच न्यायाधीशांचं आसन, असं मुलांना समजावत होते. मला ओळखून त्यांनी विनवलं की मीच सांगावं. मग आरोपी कुठं उभा राहतो, त्याला तिथून काय ऐकू येतं आणि काय येत नाही, हे मी पिंजऱ्यात उभा राहूनच सांगितलं. मुलं लिहून घेत होती. सुट्टी संपली, न्यायाधीश आले आणि मी तिथंच उभा असताना निर्दोष सुटलो. मुलांनी टाळ्या वाजवल्या, शिपायानं दटावलं.

बाहेर रागिणी नावाच्या मुलीनं विचारलं, “सर, तुम्ही निर्दोष होते, तर मग इतके वर्षं काय भोगलं?” मी पूर्ण कायदा आठवला, जुना आणि नवा. त्याला कुठंच नाव सापडलं नाही. पोरगी वाट पाहत उभी होती.

संध्याकाळी उत्तमरावांचा फोन आला. अभिनंदन केलं आणि शनिवारी तासिका तत्त्वावर शिकवाल का म्हणाले, प्रा. अंकुरही मागं बसून ऐकतील म्हणे. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण त्या मुलीला उत्तर द्यायचं राहिलं आहे, म्हणून हो म्हणालो. ते अजून मला सापडलेलं नाही. वर्गात सगळे मिळून शोधू.

येत्या शनिवारी आईच्या हातची भाकर खायला येतो. तोवर दोघींची माया या सुटलेल्या आरोपीवर असू द्यावी.
तुझा,
स्वप्निल