तलावातली गिरकी

चिचगड, ता. देवरी
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय नीतूताई,

तू आणि पीयूषभाऊजी मजेत असाल. इकडे हलका धान कापणीला आलाय. फोनवर बोललं की बाबांना ऐकू जातं, म्हणून पत्र.

कॉलेजच्या सहलीत मालवणला तुला भेटले, तेव्हा तू लाटांवर पालथं पडून घसरायची तुझी जुनी फळी दिलीस आणि म्हणालीस, “गिरकी जमली की ये, इथंच शिकवायच्या कामाला लावते.” घरी मी ‘फळी कॉलेजची’ म्हणून सांगितलं. इथं लाट कुठली? शेजारचा उमेंद्रदादा तलावाच्या पाळीवरून मोटारसायकलने दोर ओढतो. वेग आला की मी दोर सोडते आणि फळीवर पालथी पडूनच गोल फिरायला बघते. बाबा म्हणतात, “बी.ए. होऊन पान्यात लोळून राहिली पोरगी!”

नजर आधी वळवायची, पाय पाण्याबाहेर. तुझं सगळं ऐकत होते. तरी फळी अर्ध्यात आडवी होऊन थांबायची. चूक परवा कळली. रोवणीआधी धानाची बांधी सपाट करताना आपण बैलांमागच्या फळीवर उभं राहायचो ना, पुढची कड चिखलात घुसू नये म्हणून भार मागे टाकून? मी पाण्यातही तेच करत होते. भार पुढे सरकवला, फळीचं शेपूट सुटलं.

पाळ, शिंगाड्याचे वेल, पलीकडचं जंगल, पुन्हा पाळ. जमली, ताई.

“घुमली वो, घुमली!” दादा ओरडला आणि दोर गुंडाळून घरी गेला.

हे परवाच कळवायला हवं होतं. कळवलं नाही.

इथं बोलायला कोणी नाही गं. मैत्रिणी सासरी गेल्या. तलावाच्या गावात एकही मुलगी पोहत नाही, मी शिकवीन म्हणून घरोघरी फिरले. सगळीकडे “मंग पाहू.” संध्याकाळी पाळीवर एकटीच असते. परवा ओल्या कपड्यांनिशी मनातल्या मनात बॅग भरत होते.

आई घाटावर चादर धूत होती. पिळायला दुसरं टोक माझ्या हाती दिलं आणि खाली बघतच म्हणाली, “नीतूनं शिकवलं ना तुले?”

तू बाबांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेल्यापासून या घरात तुझं नाव कोणी घेतलं नव्हतं. मी नुसती मान हलवली.

“बरी हाय ना थे?” चादर कधीच पिळून झाली होती, तरी ती पिळतच राहिली. “खारं पानी. डोये चुरचुरत असन तिचे.”

तेवढ्यात पाळीवर बाबा दिसले. तिनं बादली उचलली.

काल भांडी घासताना पुन्हा विचारलं, तू मासे खायला लागलीस का. आज विचारलं, केस लांबच आहेत का. बाबा बाहेर गेले की विचारते. मी आले तर ती कोणाला विचारेल?

माझी जागा दुसऱ्या मुलीला दे. आणि केसांचं तेवढं कळव, मालवणला तू ते बांधलेले होतेस, मला नीट सांगता आलं नाही.

इथंच राहिलेली,
गुंजन