सोवळ्यातले दोन तास

बोईसर,
मंगळवार, २२ नोव्हेंबर १९६६

ती. सौ. वन्सं यांना,

सुलूचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खोडत नाही, पण त्यावर विसंबूही नका.

तुमचं पत्र शुक्रवारी पोचलं. तुमच्या भावानं ते जेवता जेवता मोठ्यानं वाचलं, आणि मग शेजारच्या चंद्रभानभाऊंना हाक मारून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मार्गशीर्षात तुम्ही माझ्या पोथीच्या उद्यापनाला येणार, माझ्यासाठी साडी आणणार, पाच सवाष्णी जेवू घालणार. आणि आईंना संगमनेरला न्यायचा बेत तुम्ही रद्द केलात, कारण "जिथे रोज दोन तास पोथी वाचली जाते, तिथून आईला हलवणं पाप. सुलूच्या पुण्याईनंच तिचं हाड सांधतंय." हे वाक्य यांनी दोनदा वाचलं. मी ताक वाढत होते, ते ताटाबाहेर सांडलं.

बाकी इकडचं तेच. तारापूरला कामावर जायची यांची गाडी सकाळी सातला येते आणि रात्री आठला आणून सोडते. दिवसभर रस्त्यानं खडीचे ट्रक. धूळ इतकी, की वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळी झटकूनच आत घ्यावं लागतं. पलीकडच्या खोलीत नवीन बिऱ्हाड आलंय, त्यांचे सुके बोंबील भाजणं चालू झालं की आई नाकाला पदर लावायच्या. आता तोही मला लावावा लागतो, कारण त्यांचा उजवा हात अजून फळीत आहे.

त्या हाताबद्दलच लिहायचंय. चार दिवस टाळतेय.

लग्नानंतर आईंनी मला रोज एक अध्याय वाचायचा नेम लावून दिला, हे तुम्हाला ठाऊक आहे. अंघोळ करून धूतवस्त्र नेसायचं, कोणाला शिवायचं नाही, बोलायचं नाही, अध्याय अर्धा टाकून उठायचं नाही. उठलं तर पुन्हा अंघोळ आणि पुन्हा पहिल्यापासून. एका अध्यायाला पंचवीस मिनिटं लागतात. दोन वर्षांपूर्वी आईंची डावी बाजू गेली, तेव्हा मी एकाचे दोन केले. पावसाळ्यात तीन. गणपतीनंतर पाच. सगळे धरून चालले की सून सासूसाठी वाचतेय. मी तसं कधी म्हटलं नाही, पण नाही असंही म्हटलं नाही. चांगलं म्हणवून घ्यायला कोणाला आवडत नाही हो?

वन्सं, सकाळी जाग आल्यावर माझ्या मनात पहिला विचार देवाचा नसतो. सोवळ्याचं लुगडं वाळलं का, हा असतो.

या दोन खोल्यांत सुटका म्हणून नाही. आईंची खाट मधल्या दारालाच लागून आहे. चुलीपाशी जायचं तर खाटेवरून, मोरीत जायचं तर खाटेवरून. दिवसातून तीस-चाळीस हाका. पाणी दे, कूस बदल, भांडं दे, माशी बसली, खिडकी लाव, खिडकी उघड. वर्षभरात मी विहिरीपलीकडे गेलेली नाही. फक्त ते दोन तास असे, की मला कोणी शिवू शकत नाही, कोणी काम सांगू शकत नाही. पोथीतलं एक अक्षर डोक्यात शिरत नसे. तोंड वाचत असायचं आणि मी नुसती बसलेली असायचे. कधी माहेरच्या माळ्यावर जाऊन निजत होते, कधी कुठेच जात नव्हते.

दसऱ्याच्या आठवड्यातली गोष्ट. मी तिसऱ्या अध्यायात होते. आईंनी हाक मारली, "सुले, भांडं." मी वाचत राहिले. पुन्हा हाक आली. पुन्हा. मी आवाज चढवला. त्या हाका ऐकू येऊ नयेत म्हणून चढवला, दुसरं कारण नाही. मग खाट करकरली. मग धप्प असा आवाज झाला, आणि आई ओरडल्या.

मी अध्याय पुरा केला.

वन्सं, दीड पान उरलं होतं. ते मी पुरं केलं.

बेटेगावची बायडी, आमच्याकडे लाकडाची मोळी आणते ती, तेवढ्यात अंगणात आली होती. तिला आजवर ओटीच्या आत पाऊल टाकू दिलेलं नाही. ती सरळ आत आली, आईंना दोन्ही हातांनी उचललं, खाटेवर घातलं, ओलं लुगडं बदललं. मी पोथी मिटून दारात आले तेव्हा ती जमीन पुसत होती. ती सगळ्यांनाच अगं-तुगं करते, फौजदारालासुद्धा. मला म्हणाली, "बाय, तुझा देव बहिरा हाय का? केवढ्यानं वाचत व्हतीस! म्हातारी वरडत व्हती, आयकाया नाय आला तुला?"

लाकडं ठेवून ती गेली. पुढच्या खेपेला आली तेव्हा अंगणातूनच "म्हातारी बरी हाय ना?" एवढंच विचारलं.

रात्री यांनी विचारलं तेव्हा आईंनीच सांगितलं, "माझी मी उठायला गेले. ती पाण्याला गेली होती." डोळ्याला डोळा न भिडवता सांगितलं. तेच यांनी तुम्हाला कळवलं. हलणारा एकच हात होता त्यांचा, तोही मोडला. आणि दुसऱ्या दिवशी अंघोळ करून मी पुन्हा पोथी घेऊन बसले! बसले नसते तर यांनी का म्हणून विचारलं असतं.

तुमच्या पत्रानंतर मात्र बसवेना. परवा रविवारी अर्ध्या ओवीत पोथी मिटली, तशीच सोवळ्यानं आईंच्या खाटेवर जाऊन बसले, आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक आहे की. तुझा आवाज चढला तेव्हाच कळलं."

"मग खोटं का बोललात?"

त्यांची जीभ जड झाली आहे, शब्द सावकाश येतात. म्हणाल्या, "माझ्या सासूबाई आठ वर्षं अंथरुणावर होत्या. मी माळ घेऊन बसायची. मणी नाही गं मोजायची, त्यांच्या हाका मोजायची. दहा झाल्या की उठायची. तुला नेम मीच लावला ना? म्हटलं, पोरीला कधी लागला तर तेवढाच आडोसा."

मला हसू आलं, आणि मग जे रडू फुटलं ते आवरेना. फळीतल्या हाताची बोटं हलवत त्या म्हणाल्या, "मी हल्ली देवाजवळ एकच मागते. ती पोथीवर असताना मला मरण देऊ नको. नाहीतर ही जन्मभर तिथून उठायची नाही."

वन्सं, या घरात खरी प्रार्थना चालू होती ती ही. आणि पुण्यवान मी ठरले.

परवापासून पोथी फडक्यात बांधून ठेवली आहे. मी सुधारले असं समजू नका. पेज भरवताना राग येतो, चमचा त्यांच्या दातावर लागतो. हाक आली की अजून ऐकू न आल्यासारखं करावंसं वाटतं. पण उठते. आधी उठते आणि मग चिडते, एवढाच काय तो फरक पडलाय.

हे पत्र मी यांना वाचायला देऊन मगच पेटीत टाकणार आहे. ते काय म्हणतील देव जाणे. उद्यापन नको. साडी तर नकोच नको.

आता खरी अडचण. हे वाचून तुम्ही आईंना न्यायला याल. म्हणजे मी सुटेन. लिहिताना मी दहादा स्वतःला विचारलं, की सुले, तू हे खरं सांगत्येस ते खरं म्हणून, की सुटायला म्हणून? नेऊ नका म्हणायला मला तोंड नाही, न्या म्हणायची लाज वाटते. आईंना विचारा आणि त्या म्हणतील तसं करा. न्यायचं ठरलं तर माझ्यावर रागावून न्या, माझी कीव येऊन नेऊ नका.

आणि बोलायचं ते पत्रातच बोला, हवं तेवढं बोला. फक्त इथे आल्यावर आईंच्या देखत नको. त्या माझी बाजू घेतील, आणि ते मला सोसायचं नाही.

तुमची,
सुलू